मुहर्रकमधला जिना मी धुतला

पोलीस माझ्या मुलाला न्यायला आले तेव्हा मी त्याच्याच शर्टाला साबण लावत होते. बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं. दारात तिघं उभे होते. दोघं वर्दीतले, आणि एक पांढऱ्या पायघोळ झग्यातला, पन्नाशीचा, बोडक्या डोक्याचा. त्यानं आधी बादलीकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग मिलिंदकडं.

"ये किसका शर्ट है, अम्मा?"

"मेरे लड़के का." खोटं कशाला बोलू?

"और सीढ़ी कौन धोया?"

"मैं धोई. ऊपर से नीचे तक. फिनाइल डालके."

त्यानं दाढ दुखल्यासारखे डोळे मिटून घेतले. माझी नात यशू नऊ वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्रजीत. ती आईच्या मागून ओरडली, "आजी, यू वॉश्ड द एव्हिडन्स!"

मला काही कळलं नाही. मिलिंद भिंतीला टेकला आणि म्हणाला, "माय, तू पुरावाच धुऊन टाकलास."

गच्चीवर एक माणूस मेलेला सापडला आहे, हे मला त्यानंतर कळलं. इमारतीचा राखणदार, शफीक. डोकं फुटलेलं. आणि आदल्या संध्याकाळी माझ्या मुलानं सगळ्या गल्लीसमोर त्याला गच्चीवरून खाली फेकण्याची धमकी दिली होती.

साडेआठ वाजले होते. मिलिंदला ते घेऊन गेले. शर्टही घेऊन गेले, ओलाच, पिशवीत घालून.

मुहर्रक, पहिले तीन आठवडे

मी हिंगोलीची. चौथी शिकले. तीस वर्षं सरकारी दवाखान्यात आया होते. नवरा लवकर गेला, एक मुलगा शिकवला, तो बहरीनला फोरमन झाला. सलमाबाद म्हणून गाव आहे, तिथं एसीचे पत्र्याचे डक्ट बनवायच्या कारखान्यात. सून सुजाता सनाबिसला एका ऑफिसात आहे. दोन वर्षं ते मला बोलावत होते. या फेब्रुवारीत गेले. परत आल्यावर विहारातल्या बायका रोज विचारतात, तिकडं काय पाहिलंस? त्यांना उंच इमारतींचं ऐकायचं असतं. उंच इमारती मी मोटारीतून पाहिल्या. त्या उंच आहेत.

विमान मुहर्रकलाच उतरतं. घर तिथून दहा मिनिटांवर, जुन्या गल्लीत. विमानं डोक्यावरून इतकी खाली जातात की पहिले दोन दिवस मी मान खाली घालत होते. गल्ल्या आपल्यासारख्याच अरुंद, पण कचरा नाही. घराबाहेर लाकडी बाकं असतात. म्हातारे पुरुष त्यांवर बसून चहा पितात. म्हाताऱ्या बायका दिसत नाहीत, त्या आत बसतात. मी बाहेर बसले. कुणी काही बोललं नाही.

समुद्र चारी बाजूंनी आहे, पण नळाचं पाणी पिऊ नये. आंघोळ केली की केस काथ्यासारखे होतात. भाकरीचं पीठ मिळतं. कोपऱ्यावर भट्टी आहे, तिथला माणूस हात आत घालून सुपाएवढी रोटी काढतो. तिच्यावर माशाची पातळ, काळपट चटणी फासून देतात. वास बोंबलाचा, चव त्याहून तिखट. मला आवडली. सकाळी शेवयांत साखर घालून वर अंड्याची पोळी ठेवतात. ते मला नाही आवडलं. गोडात अंडं कशाला?

आमची इमारत तीन मजल्यांची. खाली कोल्ड स्टोअर, म्हणजे किराण्याचं दुकान, थंड काही असो वा नसो. ते एका केरळी माणसाचं, त्याला सगळे इक्का म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर आम्ही. तिसऱ्यावर वसईचा ऑल्विन आणि त्याच्या हॉटेलातले रात्रपाळीचे दोघं. ऑल्विन स्वयंपाकघरात कामाला. हॉटेलातला उरलेला पाव आणून द्यायचा आणि माझी थट्टा करायचा.

"मावशी, तुमचं मटण आमच्या हॉटेलात ठेवलं तर गिऱ्हाईक रडत पळेल."

"तुझ्या हॉटेलातलं मटण मी खाल्लं. मेलेल्या माणसाला घालतात तसलं."

तो हसायचा आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा.

पहिल्या मजल्यावर नाशिककडचा विलास. विमानतळावर सामान चढवायचा. मी आले त्या दिवशी माझी पेटी त्यानंच वर आणली होती. "मी आहे ना माय, तुम्ही हात लावू नका." त्यानं दोन खोल्यांत आठ खाटा टाकून आठ माणसं ठेवली होती. तिकडं त्याला बेड स्पेस म्हणतात. मालकाला न विचारता ठेवली होती. राखणदार शफीकनं ते मालकाला सांगितलं. मालकानं आठही माणसं त्या आठवड्यात बाहेर काढली आणि विलासला महिनाअखेरीस घर सोडायला सांगितलं. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

शफीक बांगलादेशचा. साठीचा असेल. जिन्याखालच्या खोलीत राहायचा, गच्चीवर कबुतरं पाळायचा. मला खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. मी बाहेर बसले की स्टूल आणून द्यायचा आणि स्वतः उकिडवा बसायचा. त्याचं अर्धं बोलणं मला कळायचं नाही, माझं अर्धं त्याला. पण त्याच्या गावी भाताला चिखल लागतो आणि माझ्या गावी ज्वारी खडकाळ रानातही येते, एवढं आम्हाला एकमेकांचं कळलं.

गुरुवार

उन्हाळा यायच्या आधी मिलिंद घरचा एसी स्वतः साफ करतो. त्याचं बाहेरचं खोकं गच्चीवर. त्यात कबुतरानं घरटं केलं होतं, दोन अंडी होती. त्यानं घरटं उचकटून फेकलं. अंडी फुटली. शफीक खाली येऊन त्याच्या अंगावर ओरडला. मिलिंद रात्रपाळीला निघाला होता, तोही ओरडला, "अगली बार अंडा नहीं, तेरे को फेंकूँगा ऊपर से!"

इक्का दुकानातून बाहेर आला. बाकावरचे म्हातारे पाहत राहिले. विलास दारात उभा होता.

मी मिलिंदला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाला असं बोलायलास?"

"तू मधात पडू नको माय. एसी जळाला तर तो भरून देणार का?"

तो पिकअप घेऊन गेला. शफीक संध्याकाळभर जिन्याखाली बसून होता. मी त्याला भाकरी दिली. त्यानं ती कबुतरांना घातली असणार.

शुक्रवार, सकाळ

शुक्रवार-शनिवार तिकडचे सुट्टीचे दिवस. मिलिंद पाच वाजता पाळी संपवून साडेपाचला घरी आला. जिना चढताना त्याला वर कुणी कण्हताना ऐकू आलं. आमच्या दारावरून तो तसाच वर गेला आणि ओरडला, "माय! इकडं ये!"

आमच्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, वळणावर, ऑल्विन पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटलेली. श्वास होता, पण घरघर लागलेली. मी नाडी पाहिली.

"जिता आहे. मान धर, वाकू देऊ नको."

मिलिंदनं त्याला खांद्यावर न घेता दोन्ही हातांवर आडवा घेतला, मी सांगितलं तसा. खाली इक्का दुकान उघडत होता, त्यानं पाय धरले. रुग्णवाहिका बोलवायला हवी होती, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. आमच्याकडं रुग्णवाहिकेची वाट पाहणारा मरतो, म्हणून आम्ही वाट पाहत नाही. त्याला पिकअपमध्ये घालून ते दवाखान्यात गेले.

मी जिन्यात उभी राहिले. पायऱ्यांवर रक्त होतं. थोड्या वेळात यशू उठून दूध आणायला खाली गेली असती. मी बादली, फिनेल, खराटा आणि तारेची घासणी घेतली, पार गच्चीच्या दारापर्यंत चढले आणि वरून खाली धूत आले.

काहीजण मला नंतर म्हणाले, तुम्हाला काही वाटलं कसं नाही? काय वाटायचं? तीस वर्षं मी हेच केलं. वॉर्डात रक्त सांडलं की सिस्टर ओरडायच्या आत फरशी कोरडी पाहिजे. जखमी माणूस डॉक्टरचा, फरशी आयाची. रक्त राहिलं की माशी बसते, पाय घसरतो आणि दुसरा पेशंट घाबरतो. आमच्या दवाखान्यात पोलीस यायचे ते खाटेपाशी, फरशीपाशी कधी आले नाहीत.

गच्चीचं दार बंद होतं. मी ते उघडलं नाही. माझं काम जिन्याचं होतं. दारापलीकडं शफीक पडला होता. डॉक्टर म्हणाले, तो कधीच गेला होता, दार उघडून उपयोग झाला नसता. पण मी उघडलं नाही हे खरं.

साडेसातला मिलिंद परत आला. ऑल्विनला आत घेतलं होतं, शुद्ध नव्हती. मी म्हणाले, शर्ट काढ, रक्त वाळलं की निघत नाही. त्याच वेळी टाकीचं पाणी वाहतंय हे सांगायला इक्का शफीकला शोधत गच्चीवर गेला.

पुढचं वर लिहिलंच आहे.

शुक्रवार, दुपार

दुपारी झग्यातला साहेब एकटा परत आला. त्याचं नाव यूसुफ. खुनाचा तपास त्याच्याकडं होता. लहानपणी त्याच्या बापाच्या कापडदुकानात हिंदुस्तानी नोकर होते, म्हणून त्याला हिंदी यायचं. आमचं दोघांचं बोलणं मोडक्या हिंदीत झालं. इथं सरळ मराठीत लिहिते.

तो जिन्यात बसला होता आणि फरशीचा वास घेत होता.

"अम्मा, सगळं खलास. माझी माणसं दोन तास शोधताहेत. इतका स्वच्छ जिना मी बहरीनमध्ये पाहिला नाही."

"माझा मुलगा कुठं आहे?"

"आहे. जेवला. अम्मा, तुम्हीच सांगा, मी काय समजू? तो गुरुवारी म्हणतो फेकतो. शुक्रवारी म्हातारा मेलेला. साक्षीदार अर्धमेला, तो याच्या गाडीत. याचा शर्ट धुतलेला, जिना धुतलेला. आईनं धुतलेला."

सुजाता रडायला लागली. मी तिला म्हणाले, "रडू नको, चहा टाक." मग यूसुफला म्हणाले, "तुम्ही विचारलं कुणी धुतलं. काय धुतलं, ते विचारलं नाही."

त्यानं वर पाहिलं.

"जिना मी डोळे मिटून धुतला नाही. चला वर."

गुडघे दुखतात माझे, पण चढले. गच्चीच्या दारापासून खाली चौथ्या पायरीवर पहिला डाग होता, ताटलीएवढा. मग भिंतीच्या बाजूनं थेंब, तिसऱ्या मजल्यापर्यंत आणि पुढं वळणापर्यंत. वळणावर थारोळं. मी एकेका पायरीवर बोट ठेवून सांगत गेले. त्याचा एक माणूस लिहून घेत होता.

"आता नीट ऐका. रक्त तीन प्रकारचं असतं. ताजं नुसत्या पाण्यानं जातं. थोडं वाळलेलं फडक्यानं जातं. रात्रीचं तारेच्या घासणीशिवाय निघत नाही. वरचे सगळे डाग मी तारेनं घासले. थारोळं मधे ओलं होतं, कारण पोरगं तिथंच पडून गळत होतं, पण त्याच्या कडा तारेनं घासल्या. आणि वळणापासून खाली रस्त्यापर्यंत जे थेंब होते, ते ताजे. मिलिंदनं त्याला उचलून नेला तेव्हाचे. ते नुसत्या पाण्यानं गेले."

"अम्मा, रक्त लवकर वाळतं. अर्धा तास पुरे."

"तुमच्या बहरीनमध्ये? या जिन्यात? गच्चीवर कबुतरं घाण करतात म्हणून मी लुगडं या कठड्यावर वाळत घालते. सकाळी घातलेलं संध्याकाळी दमट असतं. फेब्रुवारी आहे, दारं बंद, वारं नाही. ताटलीएवढा डाग इथं अर्ध्या तासात घासणीवर येत नाही. पाच वाजेपर्यंत माझा मुलगा सलमाबादला होता. हे त्याच्या आधीचं आहे."

तो दाढीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही आई आहात."

"आईचं नका ऐकू. घासणीचं ऐका. ती मी अजून धुतलेली नाही, बादलीत आहे. आणि या पायरीच्या कडेची पितळी पट्टी उचला. तिच्याखाली कितीही घासलं तरी राहतं. त्याच्यावरून मी तीस वर्षं सिस्टरच्या शिव्या खाल्ल्या आहेत."

त्याच्या माणसानं पट्टी उचकटली. खाली काळी रेघ होती, कडक झालेली. यूसुफ कितीतरी वेळ वाकून पाहत होता.

मग त्यानं न विचारताच मी त्याला आणखी एक सांगितलं. सांगायला बरं वाटलं नाही, पण वेळ कळायला ते लागणारच होतं. "चार वाजता मी चहाला उठले. तेव्हा कुणीतरी कण्हत होतं. मला वाटलं कबुतर घुमतंय. मी चहा पिऊन पुन्हा आडवी झाले."

त्याच्या माणसानं तेही लिहून घेतलं.

"अजून काही?"

"आहे ना. चपलेचे ठसे. वळणापासून खाली, फक्त उजव्या पायाचे. एक पायरी सोडून एक. माणूस घाईत उतरला आणि उजवा पाय रक्तात पडला होता. तेही तारेनं घासले. आमच्या दारावरून खाली गेले."

"कुठपर्यंत? रस्त्यापर्यंत?"

"नाही. पहिल्या मजल्यापर्यंत. तिथून खाली ठसा नाही. खाली फक्त ताजे थेंब."

आम्ही सगळे पहिल्या मजल्यावर उतरलो. विलासच्या दाराशी काथ्याचं पायपुसणं उलटं पडलं होतं. ते मीच उलटं केलं होतं, पाण्यात भिजू नये म्हणून.

"हे धुतलं?"

"दुसऱ्याचं पायपुसणं मी कशाला धुऊ? पायऱ्या सगळ्यांच्या, पायपुसणं ज्याचं त्यानं धुवावं."

यूसुफनं मला हात करून मागं थांबवलं आणि दार वाजवलं. विलास लुंगीवर बाहेर आला, डोळे चोळत.

"काय झालं माय? मिलिंदभाऊला सोडलं का?"

यूसुफनं विचारलं, तो सकाळी बाहेर आला होता का? नाही साहेब, सुट्टी होती, झोपलो होतो. मग यूसुफनं बुटाच्या टोकानं पायपुसणं सरळ केलं. उजव्या बाजूला तपकिरी चट्टा होता, टाच वळवून पुसल्यासारखा.

विलासनं डोळे चोळायचं थांबवलं. "आलो होतो. मिलिंदभाऊ ओरडला म्हणून वर गेलो. ऑल्विनला पाहिलं, घाबरलो, परत आलो. पोलिसांची झंझट नको म्हणून बोललो नाही."

"साडेपाचला?"

"हो साहेब. साडेपाचलाच."

मी म्हणाले, "साडेपाचला आला असतास तर ठसा ओला असता. मी सहाला धुतला. तारेची घासणी लागली मला. तू रात्रीचा उतरलास विलास."

तो एकदम माझ्यावर आला. "म्हातारे, चौथी शिकलेली तू, डॉक्टर आहेस का?"

"नाही. आया आहे. डॉक्टर टाके घालतो, फरशी मी पुसते."

"स्वतःच्या पोराला वाचवायला माझ्यावर घालायलीस. तुझी पेटी कुणी वर आणली होती?"

"तू आणलीस. आणि ठसाही तुझाच आहे."

यूसुफनं विचारलं, "तुझ्या चपला कुठं आहेत?" विलासनं दाखवल्या. नव्या होत्या, टाचेला किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. "जुन्या?" तो दार ओढून घ्यायला लागला, शिपायानं ते धरलं. त्याला नेताना तो माझ्याकडं पाहत होता, आणि मीही पाहत होते. मी मान खाली घातली नाही.

सलमाबाद, शनिवार

मला वाटलं मिलिंद त्याच दिवशी घरी येईल. यूसुफ म्हणाला, "अम्मा, घासणी तपासायला गेली आहे. तुमचा मुलगा पाचपर्यंत कामावर होता याचा कागद मला पाहिजे. मी मागितला आहे. सुट्टी आहे, येईल, इंशाल्ला."

मला ते इंशाल्ला आवडलं नाही. शनिवारी सकाळी सुजाताला घेऊन मी सलमाबादला गेले.

सलमाबाद बायकांचं गाव नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गॅरेज, गोदामं, वेल्डिंगच्या ठिणग्या. मजुरांच्या इमारतींच्या खिडकीखिडकीला निळे गणवेश वाळत असतात, शंभर इमारतींना एकच रंग. हवेत ऑइलचा आणि डाळीच्या फोडणीचा वास एकत्र. टपरीवर दुधाचा घट्ट चहा मिळतो, वेलची घातलेला, कडक. तो मी दोनदा घेतला. टपरीवरच्या माणसानं माझं लुगडं पाहून विचारलं, "कौन सा गाँव, माताजी?" हिंगोली म्हणाले. त्यानं नाव ऐकलं नव्हतं. मीही त्याचं ऐकलं नव्हतं.

कारखान्यात एक गोरटेला मॅनेजर होता, सुट्टीच्या दिवशी बोलावलं म्हणून चिडलेला. अंगठ्याच्या मशिनचा कागद उद्या मिळेल म्हणाला.

सुजाता हळूच म्हणाली, "आत्याबाई, उद्या येऊ. जास्त बोललं तर यांची नोकरी जाईल."

"नोकरी गेली तर दुसरी मिळेल. चल, बस." मी त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसले आणि पिशवीतून भाकरी काढली. ठेचाही काढला. त्याच्या एसीच्या खोलीत ठेच्याचा वास बसला. अर्ध्या तासात कागद निघाला. संध्याकाळी सातला अंगठा आत, पहाटे पाच वाजून चार मिनिटांनी बाहेर. मधे दोनला जेवणाचा अंगठा.

दुपारी तो कागद यूसुफच्या हातात दिला. त्यानं दोनदा वाचला. म्हणाला, "माझा शिपाई असता तर सोमवारी आणला असता."

मिलिंद संध्याकाळी घरी आला. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं. आल्या आल्या म्हणाला, "माय, यापुढं कुठं काही धुवू नकोस."

"तू यापुढं कुणाला फेकायची भाषा करू नकोस. त्या तोंडानं तुला आत नेलं होतं. माझ्या बादलीनं नाही."

"दोन्हींनी नेलं," सुजाता म्हणाली. खरं होतं. मी मिलिंदला वाढलं.

सनाबिस, पुढचा शुक्रवार

सनाबिसला आपल्या लोकांची दहा-बारा घरं आहेत, विदर्भातली, मराठवाड्यातली. शुक्रवारी कुणा एकाच्या हॉलमध्ये जमून वंदना घेतात. खिडकीतून मॉलच्या काचा चमकतात आणि आत पंचशील चाललेलं असतं. पोरं इंग्रजी अक्षरात लिहिलेलं पाहून पाली म्हणतात. म्हणतात बरोबर. त्या दिवशी शफीकसाठी सगळे उभे राहिले. जेवायला वांग्याची भाजी, भाकरी, आणि तिथला मसाल्याचा मासे-भात. बायकांनी मला मधे बसवलं.

"आई, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली. पोरगा आत होता."

"पण तो विलास असं का वागला?"

ते तोपर्यंत कळलं होतं. ऑल्विन चौथ्या दिवशी शुद्धीवर आला आणि यूसुफनं विचारल्यावर त्यानं सांगितलं. रात्री दोननंतर तो हॉटेलातून आला आणि सिगरेट ओढायला गच्चीवर गेला. म्हातारपणाची झोप नाही म्हणून शफीक तिथं कबुतरांपाशी बसला होता, आणि विलास त्याच्यावर ओरडत होता, माझं घर घालवलंस म्हणून. टाकीचं झाकण उचकटायची पहार तिथं पडलेली असते, ती विलासनं शफीकच्या डोक्यात घातली. ऑल्विन पळाला, पण चौथ्या पायरीवर विलासनं त्याला गाठलं. तरीही तो उठून खाली येत राहिला, वळणावर पडेपर्यंत. विलासनं मग सगळं कबूल केलं, ऑल्विन मेला समजून त्याला ओलांडून घरी उतरला तेही. आठ खाटांसाठी एक माणूस गेला. मी आयुष्यात याहून लहान कारणांसाठी फुटलेली डोकी वॉर्डात पाहिली आहेत, म्हणून मला नवल वाटलं नाही.

दवाखाना

निघायच्या आदल्या दिवशी ऑल्विनला भेटायला गेले. दवाखाना मोठा, फरशी आरशासारखी. मी कोपरे पाहिले, कोपरेही स्वच्छ होते. त्याची आई वसईहून आली होती, पलंगापाशी जपमाळ घेऊन बसली होती. ऑल्विनचं डोकं बोडकं केलेलं, टाके कानामागून मानेपर्यंत. तोंड डावीकडं जरा ओढलेलं. शब्द हळू येत होते.

"मटण... आणलं का?"

"डॉक्टरनं नाही सांगितलंय."

"बरं झालं. वाचलो."

त्याची आई हसली. मी हसले नाही. मला जे सांगायचं होतं ते सांगून टाकलं. "ऑल्विन, चार वाजता तू कण्हत होतास. मी ऐकलं होतं. कबुतर समजले. आले नाही."

तो छताकडं बघत होता.

"माहीत आहे मावशी. तुमच्या दाराखालून... उजेड दिसला. म्हटलं, आता येतील."

त्याच्या आईची माळ थांबली. भेटीची वेळ संपेपर्यंत मी स्टुलावर बसून राहिले. सिस्टरनं पाणी पाजायला सांगितलं तेव्हा मान धरून चमच्यानं पाजलं. सगळं पोटात गेलं, ठसका लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी विमानात बसले. शफीकला त्याच्या गावी नेऊन पुरलं. विलास तुरुंगात आहे. ऑल्विन जगला. डावा हात अजून पुरता वर जात नाही.